काटा हिरव्या पट्ट्यात

आक्काच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, हे प्रूफकाकांना पुन्हा आठवलं ते गाडीचं बॉनेट वर करून, हातात काकूंचे भांडी घासायचे रबरी मोजे चढवून, इंजिनापुढे उभे असताना. तसं ते विसरले कधी होते? पत्र आलं तेव्हा थंडीचे दिवस होते. आता आवारातली फरशी चपलेतूनही चटके देत होती, आणि पत्र अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. शर्ट बदलला की पत्रही बदली होऊन नव्या खिशात जाई.

पत्र चार ओळींचं होतं. "बाळ, इथे सगळं ठीक आहे. खोली वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे उन्हाळ्यात तापते म्हणे. थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का? नाही म्हणालास तरी राग नाही, पण कळव."

बाळ सत्तरी ओलांडून बसला होता. उभी हयात छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली, म्हणून इमारतीत त्यांना सगळे प्रूफकाका म्हणत. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता स्वतःचं एक वाक्य सरळ लिहायची हिंमत त्यांच्यात उरली नव्हती. 'ये' लिहिलं तर फार तुटक वाटे. 'अवश्य ये' लिहिलं तर लग्नपत्रिकेसारखं. 'जमेल तशी ये' म्हणजे तर सरळ येऊ नकोच. मसुदे झाले, फाडले गेले. आणि खरं सांगायचं तर अडचण शब्दांची नव्हतीच. आक्काला श्वासाचा त्रास. ती घरी आली आणि आपल्या हातून काही चुकलं तर, ही धास्ती. छापलेली चूक निदान शुद्धिपत्रात दुरुस्त करता येते.

फोनचा उपयोग नव्हता. आक्काला फोनवर ऐकू येत नसे. दोन्हीकडून 'काय?' 'काय?' होऊन शेवटी कोणीतरी फोन ठेवी.

पण काल फोन आला तो वृद्धांच्या निवासातल्या नर्सबाईंचा.

"काका, उकाड्यानं आजींचा श्वास फार लागतोय हो. पंख्याचा काही उपयोग नाही. डॉक्टर म्हणतात, घरी न्यायची सोय असेल तर उद्या-परवाच न्या. पण गाडी गार पाहिजे, बरं का. चार तासांचा रस्ता आहे. तापलेल्या गाडीतून नेणार असाल तर मी त्यांना खाली उतरवणारच नाही, सांगून ठेवते."

"हो, हो," काका म्हणाले.

"आणि काका, पत्र पाठवलंय का तुम्ही? रोज दुपारी विचारतात, आलं का म्हणून."

यावर काका काय म्हणाले ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं.

गाडीतून गेल्या उन्हाळ्यापासून नुसता कोमट वारा येत होता. गॅरेजवाल्यानं इंजिनाकडे न बघताच सांगितलं, "ठेवून जा. पुढच्या आठवड्यात बघू." काकांच्या ओठांवर आलं होतं, माझी बहीण आहे, तिला श्वास लागतो. पण गॅरेजमध्ये चार माणसं उभी होती. ते "बरं" म्हणाले आणि निघून आले.

"बरं काय बरं?" काकू म्हणाल्या होत्या. "माझी नणंद तिकडे गुदमरतेय, आणि तुम्ही बरं म्हणून आलात?"

"भाड्याची गाडी करू. चांगली, गार."

काकूंनी मान झटकली. "भाड्याच्या गाडीतूनच धाडलं होतं वन्संना तिकडे. तुम्हाला म्हणे कणकण होती. आणायला तरी आपली गाडी जाऊ दे."

त्यामुळे हा गॅसचा डबा आला होता. सुट्या भागांच्या दुकानातून. वर छोटी नळी, नळीला घड्याळासारखी तबकडी, तबकडीवर निळा, हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे. दुकानदार म्हणाला होता, "घरच्या घरी भरता येतो गॅस, आजोबा. सगळं पत्रकात लिहिलंय." पत्रकात लिहिलंय म्हटल्यावर काकांना धीर आला होता. छापलेल्या कागदाशी त्यांचं आयुष्यभर जमलं होतं. रात्री त्यांनी पत्रक पेन्सिल घेऊन तीनदा वाचलं, दोन चुका दुरुस्त केल्या.

"काकाऽ! काय, बॉम्ब लावताय का?" पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून ड्रायव्हरसाहेब ओरडले. हे बसवर ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यापासून गॅलरीच चालवत.

"गॅस भरतोय. गाडी गार होत नाही."

"घरी? अहो, मेकॅनिकचं काम आहे ते! आमच्या डेपोत एकाची बोटं गेली होती. कशानं गेली ते आठवत नाही, पण गेली होती."

"धीर देताय की घालवताय?" काकूंनी खालून विचारलं. त्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसल्या होत्या. त्यांचं काम इंजिन चालू ठेवायचं आणि सांगतील ते करायचं.

"अहो, करा चालू," काका म्हणाले. "पंखा पूर्ण. गारव्याचं बटण दाबा. दिवा लागला?"

"लागला."

"इंजिन बंद करायचं नाही. काही झालं तरी."

"काही झालं तरी म्हणजे? काय होणार आहे?"

"काही नाही. पत्रकात आहे तसं."

इंजिनात दोन नळ्या होत्या, एक जाड, एक बारीक. जाड नळीवरचं टोपण काढायचं. काकांनी ते काढलं, खिशात टाकलं, मग तेल लागेल म्हणून आक्काचं पत्र बाहेर काढून कट्ट्यावर ठेवलं. डब्याच्या नळीचं तोंड तिथे दाबून बसवलं. बसलं की नाही? पत्रकात 'टक असा आवाज येईल' असं होतं. आवाज आला होता, पण तो टक होता की नुसता हात घसरल्याचा? त्यांनी ओढून पाहिलं. बसलं होतं.

तबकडीचा काटा निळ्या पट्ट्यात पडला होता. म्हणजे गॅस कमीच. काकांना उगाच हायसं वाटलं. निदान दुखणं तेच निघालं.

त्यांनी झडप उघडली. डबा हातात गार पडू लागला, मोज्यातूनही जाणवेल इतका. ते तो हलके हलके हलवत राहिले. काटा हलला. निळ्यातून निघून हिरव्याच्या काठाशी आला, आत शिरला. काटा जणू आक्काला धरून जिना उतरवतोय, असं काहीतरी काकांना वाटत होतं.

"वास येतोय का हो कसला?" काकूंनी आतून घाबरट आवाजात विचारलं.

"नाही. बसा शांत."

आणि मग काटा उडाला. हिरवं संपलं, पिवळं संपलं, थेट लाल.

लाल पट्ट्यावर पत्रकात ठळक अक्षरांत होतं: धोका. डबा फुटू शकतो. काकांनी झडप फिरवली, उलटी फिरवली की सुलटी ते कळेना, नळी उपटली. फुस्स करून गार फवारा मोज्यांवर आला.

"लांब व्हाऽ! लांब व्हा काका!" ड्रायव्हरसाहेब वरून किंचाळले आणि स्वतःच खोलीत पळाले.

"बंद करा! बंद करा इंजिन!" काका ओरडले. आयुष्यात ते इतक्या मोठ्यानं क्वचितच बोलले असतील.

काकू धावत बाहेर आल्या. "भाजलं का? बघू हात. बघू म्हणते ना!"

"काही झालं नाही." काका कट्ट्यावर बसले. "जास्त भरलं मी. बिघडवली. आता कॉम्प्रेसरही गेला असेल. म्हणजे उद्या..."

त्यांनी पत्र उचललं आणि ते जिना चढून वर गेले.

वर टेबलाशी बसून त्यांनी कोरा कागद ओढला. "आक्का, तुला आणायची फार इच्छा होती. पण गाडीचं जमलं नाही. उकाडा कमी झाला की नक्की बघतो. रागावू नकोस." एका दमात, एकही खाडाखोड न होता पत्र लिहून झालं. सारा हिवाळा जे जमलं नाही ते इतक्या सहज कसं जमलं, याची त्यांना लाज वाटली. नकाराची भाषा आपल्याला तोंडपाठ आहे, असं वाटून गेलं.

काकू पाणी घेऊन आल्या. कागद वाचला. पेला टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"अहो, एक सांगू? चिडू नका."

"कधी चिडलोय मी?"

"मी ते बटण बंद केलं होतं."

"कुठलं?"

"गारव्याचं. तुम्ही गॅस भरत होतात ना. पेट्रोल भरताना नाही का सगळे गाडी बंद करतात? तुम्ही म्हणालात, इंजिन बंद करायचं नाही. म्हटलं, निदान हे तरी बंद असू दे. भीती वाटली मला. तुम्ही तिथे तोंड खुपसून उभे, आणि ते वरचे बोटंबिटं सांगतायत..." काकूंचे डोळे भरून आले होते. "बटण दाबलं, आणि तुम्ही ओरडलात."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढून पत्रक उलगडलं. पाठच्या बाजूला, घडीवर, सगळ्यात बारीक टायपात ती ओळ होती: कॉम्प्रेसर (म्हणजे गारव्याचं बटण) बंद असताना काटा लालमध्ये जातो, तो दाब खरा धरू नये.

तीनदा वाचलं होतं. दोन चुका दुरुस्त केल्या होत्या. घडीवरची ओळ राहिली होती.

"चिडलात?"

"चला खाली," काका म्हणाले. "आणि या वेळी बोलत राहा. बटण चालू आहे की नाही, ते सारखं सांगत राहा."

ऊन आता भिंतीवर चढलं होतं. काकू आत बसल्या आणि शाळेत पाढे म्हणावेत तशा म्हणू लागल्या, "चालू आहे. चालू आहे. दिवा आहे. चालू आहे." ड्रायव्हरसाहेब गॅलरीत परतले होते, पण या वेळी त्यांनी कठड्यापासून अंतर राखलं होतं.

काटा हिरव्यात आला. थांबला. किंचित थरथरला, पण तिथेच राहिला.

"चालू आहे," काकू म्हणाल्या, आणि मग एकदम वेगळ्या आवाजात, "अगंबाई! अहो, नाक गार पडलं माझं. दात शिवशिवतायत!"

काकांनी झडप बंद केली, नळी काढली, टोपण घट्ट लावलं. मग ते गाडीत काकूंच्या शेजारी बसले आणि दोघंही त्या वाऱ्यापुढे तोंड धरून राहिली. वरून ड्रायव्हरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. "मी म्हटलंच होतं, जमेल!"

पण प्रुफं तपासणाऱ्या माणसाला बिनचूक पान मिळत नाही. इंजिन बंद करून बॉनेट पाडताना काकांना जाड नळीच्या जोडाशी तेलकट, काळसर डाग दिसला. त्यांनी साबणाचं पाणी मागवलं, बोटानं जोडावर लावलं. जरा वेळानं एक बुडबुडा आला. हळूच फुगला, फुटला. मग दुसरा.

"गळतंय?" काकूंनी खांद्यावरून वाकून विचारलं.

"थोडं थोडं. गॅस आपोआप कमी झाला नव्हता."

"उद्या पुरेल?"

"उद्याचं पुरेल. आठवडाभरही पुरेल बहुधा."

"आणि थोड्या दिवसांनी वन्संना परत सोडायचं तेव्हा?"

तिसरा बुडबुडा फुगत होता. काका त्याच्याकडे बघत होते. काकूंनी फडक्यानं तो पुसून टाकला.

"तुमचं ते नकाराचं पत्र मी चुलीत घालते," त्या म्हणाल्या. "नवं लिहा. आणि या वेळी जरा पोटभर लिहा."

सकाळी उजाडायच्या आधीच दोघं निघाली. पाण्याच्या बाटल्या, उशी, ओला टॉवेल. काकू दर चौकात हात वाऱ्यापुढे धरत होत्या. "आहे. गार आहे." काकांनी गाव सुटायच्या आतच दोनदा गाडी थांबवून उतरून जोड पाहिला. वाटेत आक्काला धाप लागली तर कुठे थांबायचं, हे कागदावर लिहून घेतलं होतं. तरी ते मनातल्या मनात पुन्हा म्हणत होते.

गावाबाहेर पडायच्या कोपऱ्यावर पोस्टाची पेटी होती. काकांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं.

"आता कशाला?" काकू म्हणाल्या. "आपणच पोहोचतोय की. पत्र काय आपल्या आधी पोहोचणार आहे?"

"ती रोज विचारते ना, आलं का म्हणून."

काकूंनी त्यांच्या हातातलं पाकीट घेऊन दिव्याच्या उजेडात धरलं. वर आक्काचं नाव होतं. खाली वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, पत्ता चुकलाय. हा तर आपलाच पत्ता टाकलात."

"पुन्हा वाचा. चूक नाही ती."

काकूंनी पुन्हा वाचलं. मग पाकिटाची एक दुमडलेली कड नखानं सरळ केली आणि ते परत दिलं. "जा. लवकर या. गारवा वाया जातोय."

काका उतरले. पेटीचा पत्रा अजून गार होता. पाकीट अर्धं आत सरकवून ते क्षणभर थांबले, पत्ता नजरेखालून घातला, आणि सोडून दिलं.