झटका मशीन ऐकणारा बोर्ड

मी एक जुना रेडिओ बोर्ड आहे. मित्रांनो, हसू नका. आमच्या जातीत चार वर्षं म्हणजे नातवंडं खेळवायचं वय. तळहाताएवढी हिरवी पाटी आणि वर पत्र्याचं चौकोनी झाकण, एवढाच माझा संसार. स्टेशन लावायला मला बटण नाही, ते काम कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर करतं. माझा आराखडा इंटरनेटवर सर्वांना खुला आहे. कुणीही बोर्ड तपासावा आणि चूक सापडली तर कळवावी.

तपासणीसाठी आमची पहिली खेप निघाली, तेव्हा मी इनामगावात सुफियाच्या घरी आलो. ती शिरूरच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. "मला डिझाइन अजून जमत नाही, पण तपासून देईन," असं तिने आमचा आराखडा बनवणाऱ्या प्रकल्पाला कळवलं होतं. सुरुवात करायची ही रीत मला फार आवडली. महिनाअखेर मोठी खेप बनायला जाणार होती. त्याआधी माझ्यातली खोट सापडली नाही, तर ती माझ्या हजारो भावंडांच्या नशिबी येणार होती.

सुफियाने माझी अँटेना काढली आणि बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून तिथे धातूची टोपी बसवली. आता मी गप्प बसायला हवं होतं. पण कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून टक्... टक्... असा आवाज येतच राहिला. बाकीच्या तपासनिसांनी लिहिलं, "आमचे बोर्ड शांत आहेत." बिचारी हिरमुसली.

मग शेजारच्या मक्याच्या शेतातून तिला तोच ठेका ऐकू आला. तिथे हौसरावआप्पांचं झटका मशीन होतं. रानडुकरं येऊ नयेत म्हणून ते कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडतं.

"आप्पा, थोडा वेळ मशीन बंद करता का?"

"आन् डुकरं मकंत शिरली म्हंजी?"

"मी राखण करते की."

"मग तुझा रेडिओ कोण ऐकणार? जा घरी. मी हाय हितं."

आणि तो भला माणूस पत्र्याचा डबा बडवत बांधावर उभा राहिला. मशीन बंद होताच मी गप्प झालो. दोष कुंपणाचा, बोर्ड चांगला! सुफियाने तसं लिहायलाही घेतलं. पण मध्येच तिचा हात थांबला. टोपी घातलेली असताना बाहेरची टकटक आत शिरलीच कशी?

तिने मशीन पुन्हा चालू करायला लावलं आणि लाकडी पेन्सिलीने माझ्या झाकणाचे कोपरे दाबून पाहिले. एक कोपरा दाबताच टकटक थांबली. झाकण पाटीला जोडणारा सोल्डरचा टाकाच तिथे नव्हता, आणि त्या फटीतून टकटक आत शिरत होती! आराखड्यातच तो राहून गेला होता. शहरातल्या शांत प्रयोगशाळांना हे कळणार तरी कसं?

मशीन चालू, मशीन बंद आणि कोपरा दाबलेला, असे तिन्ही वेळचे आवाज टिपून तिने पाठवले. कुणालाही पडताळता येईल असं सगळं समजावून लिहिलं. मोठी खेप थांबली आणि आराखडा सुधारला. पोरीची कमाल वाटली मला!

"म्हंजी माझं मशीन बरं हाय न्हवं?" आप्पांनी तेवढीच चौकशी केली.

पुढे सुधारलेला बोर्ड आला. सुफियाने आम्हाला शेजारी ठेवलं. तो गप्प राहिला, मी टकटकलो.

"ह्यालाबी टाका मारून टाक की," तिचे अब्बा सिद्दीकभाई म्हणाले.

"नको अब्बा. नवा बोर्ड बरा हाय का, ते ह्याच्याशी ताडून बघितलं की कळतं."

मित्रांनो, एखादी वस्तू कुरकुरू लागली तर फेकण्याआधी तिचं नीट ऐकून घ्या. माझ्यामागून आलेल्या एकाही भावंडाला ती टकटक ऐकू येत नाही. मला मात्र अजून येते, आणि तिचा मला भारी अभिमान आहे.