सतरा हिरवे खडे

मेरापी डोंगराच्या पायथ्याचं निम्मं गाव पोट साफ होत नाही म्हणून अंथरुणाला खिळलेल्या सुलास्त्रीच्या अंगणात लोटलं होतं. मांत्रिक कार्सोने आदल्या रात्री तिला तेल आणि लिंबू पाजलं होतं; आता त्याने परातीत सतरा हिरवे खडे मांडले आणि आवाज चढवला, "बघा! हिच्या पोटातून पडलेत. करणी! आणि पोटात खडे पेरणारं माणूस परकं नसतं. उशाशी बसणारंच असतं!"

सगळ्यांच्या नजरा वागियेमकडे वळल्या. ती सुलास्त्रीची धाकटी बहीण. नारळाचं तेल काढून विकायची, रोज बहिणीचे पाय चेपायची.

"ताई, तू तरी बोल गं."

ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं. वागियेमला बाहेर काढून दार लावलं गेलं.

पुढचे तीन दिवस कार्सोने पुन्हा तेल, लिंबू आणि वर मंतरलेलं कडू पाणी पाजलं. ताईला गुंगी आली, हातपाय लुळे पडले. करणी सुटतेय म्हणून झोप लागलीय, म्हणे! चौथ्या दिवशी तिचा श्वास थांबला. जगली तर मंत्र खरा, मेली तर करणी भारी; याचं दुकान बंद पडायचं कारणच नाही.

मृत्यूनंतरच्या तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला वागियेमच्या हातचं कुणी खाईना. तेव्हा रजेवरून परतलेल्या, गावच्या दवाखान्यातल्या नर्स रेत्नोने परातीतला एक खडा उचलला आणि सगळ्यांसमोर तापल्या तव्यावर टाकला. खडा वितळला. ओळखीचा वास सुटला.

"हे तर माझं तेल!" वागियेम पुटपुटली.

"तुझंच. या घरात दुसरं येतं कुठे? तेल आणि लिंबाचा रस एवढा प्यायला की पोटात साबणासारख्या गोळ्या होतात. कडू पाणी म्हणजे जुलाबाचं मीठ. ते आतड्यात पाणी ओढतं. धडधाकट माणसाला बेताने चालतंही. पण ताईची मूत्रपिंडं थकलेली. मीठ रक्तात साठलं आणि श्वास मंदावला. म्हणून तर डॉक्टरांनी तिला गोड पातळ औषध दिलं होतं. तेही पाणीच ओढतं, फक्त दोन दिवस धीर धरावा लागतो."

बाटली फळीवर होती, जेमतेम दोन चमचे कमी झालेली.

"करणीचे खडे आगीला भितात!" कार्सो ओरडला.

"मग तेच तेल-लिंबू आज तुम्ही प्या," रेत्नो म्हणाली. " खडे पडले की सांगा, तुमच्यावर करणी कुणी केली!"

कार्सोने चपला शोधल्या.

बायका वागियेमच्या हातापाया पडू लागल्या. तिने हात सोडवून घेतले.

"ताई मला वैरीण समजून गेली. आता तिला कोण सांगणार?" तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "माझी माफी नका मागू. पुन्हा कुणी खडे दाखवले, तर बहिणीला दाराबाहेर काढायच्या आधी एक खडा तव्यावर टाकून बघा."