मधूकडे राहिलेला तांब्या

मी फिरकीचा तांब्या बोलतोय. पितळेचा, झाकण फिरवून घट्ट बसवायचा. पूर्वी प्रवासाला निघालेल्या प्रत्येक घराबरोबर आमच्यापैकी एक असायचा. बाटल्या आल्या आणि आमची रवानगी माळ्यावर झाली. मी तर सध्या फ्रान्समधल्या एका स्वयंपाकघरात खिडकीशी उभा आहे. इथं मला कुणी पाणी मागत नाही.

जन्म माझा कोल्हापूरचा. अवंतिकाबाईंच्या मामांनी लग्नात आहेर म्हणून मला दिलं. पोटावर नाव घातलं, ‘चि. सौ. कां. अवंतिका हिस, मामांकडून’. बाई मला चिंचेनं लख्ख घासायच्या. जोतिबाला जा नाहीतर वाडीला, मी बरोबर. पाणी विकत घ्यायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

त्यांचे यजमान वसंतराव कागलच्या एमआयडीसीत कामाला होते. तिथं यंत्रं बसवायला रेमों नावाचे फ्रेंच इंजिनियर आले आणि बायकोसह वसंतरावांच्याच वरच्या मजल्यावर दोन वर्षं भाड्यानं राहिले. रेमोंचे झाले रामभाऊ. मादलेन हे नाव बाईंच्या जिभेवर बसेना, म्हणून ती झाली मधू.

मधूला मराठी बाईंनीच शिकवलं, ओट्याशी उभं करून. घरातनं निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हा पहिला धडा. आमच्याकडच्या बायका ‘जाते’, ‘येते’ म्हणत नाहीत, तेव्हा मधूही ‘येतो’च म्हणू लागली. दुसरा धडा भांड्याचा. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. काम संपलं तेव्हा दोघं ‘येतो’ म्हणून मायदेशी गेली.

पुढं अवंतिकाबाई वारल्या. वसंतराव एकटे उरले आणि मी माळ्यावर गेलो. आमच्या दोघांचं एकच झालं, दिवसचे दिवस कुणी हात लावायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात मधूचा फोन आला. गोव्याला आलोय, एक दिवस तुमच्याकडं येतो म्हणाली. वसंतरावांनी त्याच दिवशी मला खाली काढलं. झाकण गच्च बसलेलं. गरम पाणी ओतून, फडक्यात धरून त्यांनी ते फिरवलं आणि माझा जीव, कुठं पडायचा तिथंच, भांड्यात पडला.

सकाळी आम्ही पन्हाळ्याला गेलो. तीन दरवाज्याच्या पायरीवर रामभाऊंनी बैठक मारली. गुडघे पुढं चालेनात. मधूनं मला उचललं आणि ओठ न लावता वरून धार धरली. थेंब सांडला नाही. असं पाणी प्यायला तिला कुणी शिकवलं होतं ते वसंतरावांना ठाऊक होतं. ते दरीकडं बघत राहिले.

दुपारी जेवायला घरी आलो. स्वयंपाक कामाला येणाऱ्या शालूबाई करून गेल्या होत्या, मटण आणि तांबडा-पांढरा दोन्ही रस्से. रामभाऊंनी भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसून चकचकीत केलं. त्यांच्या देशात याचा अर्थ, पोट भरलं, स्वयंपाक फक्कड झाला. कोल्हापुरात रिकामं ताट म्हणजे अजून वाढा. बाईंनी त्या बिचाऱ्याला दोन वर्षं अशानं दुप्पट जेवू घातलं होतं. आजही ताट पुसून ते सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत बसले. दारातून कुणी आलं नाही. वसंतरावांचा घास हातातच राहिला. शेवटी मधू उठली आणि तिनं सगळ्यांना रस्सा वाढला.

संध्याकाळी गाडी दाराशी आली. चपला घालून मधू म्हणाली, “वसंतराव, जातो.”

“जातो न्हाय म्हणायचं. येतो म्हणायचं.”

“ठावं हाय की. गेल्या खेपेला येतो म्हटलं, आणि आलो तर अवंतिका न्हाय. आता ह्यांचे गुडघे गेले. येतो म्हटलं तर तुम्ही वाट बघत बसाल. म्हणून जातो म्हणतोय.”

वसंतराव आत गेले, मला काठोकाठ भरलं, झाकण आवळलं आणि तिच्या हातात दिलं. “वाटंत तहान लागंल. भांडं तेवढं परत आणून द्या. रिकामं आणू नका.”

मधूला कळायचं ते कळलं. तिनं मला पोटाशी धरलं.

विमानतळावर पाणी नेऊ देईनात. तिथल्या माणसानं ओतून टाकायला सांगितलं. मधू बाजूला झाली आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायली, वरून, कोट भिजेपर्यंत. तेव्हापासून मी कोरडा आहे.

वसंतराव फोनवर ‘कधी येणार’ असं विचारत नाहीत. “भांडं हाय न्हवं?” एवढंच विचारतात. मधू “हाय की” म्हणते आणि फोन ठेवल्यावर मला उगाचच पुसते. परवा तिनं माझ्यात साखर भरली. रामभाऊ आता जिनाही उतरत नाहीत.

तुमच्यापैकी कुणी कोल्हापूरला निघालं तर मला न्या, असं सांगणार होतो. घरची फार आठवण येते. पण मी दुसऱ्याच्या हातून पोहोचलो, तर मधू आता येत नाही हे वसंतरावांना कळेल. तेव्हा मला नेऊ नका. मी थांबतो.

तुम्ही मात्र त्यांचं दार वाजवा. पाणी मागा. घटकाभर बसा आणि निघताना ‘येतो’ म्हणा. म्हणालात, तर खरंच पुन्हा जा.