बटणावरचं बोट

मैदानावर त्या सकाळी तीन माणसं होती, रिमोटवर उडणारं एक छोटं विमान, दोन रिमोट, ते जोडणारी वायर आणि तीन सुटे प्रोपेलर. बाबा, मी आणि बाबांचे मित्र डिंककाका. उडवण्यापेक्षा तुटलेली विमानं चिकटवण्यातच त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून हे नाव.

मला बाबांनीच शिकवलं, याच वायरीने. मुख्य रिमोट शिकवणाऱ्याकडे असतो. त्यावरचं बटण दाबून धरलं की विमान शिकणाऱ्याच्या हाती जातं, सोडलं की परत येतं. विमान समोरून आपल्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. तिथेच मी गडबडायचे आणि बाबा बोट उचलायचे. दोन वर्षांत माझं उतरणं मधल्या चुन्याच्या रेषेपासून दहा मीटरवरून दोनवर आलं. त्याच दोन वर्षांत बाबांचा उजवा हात थरथरायला लागला.

आता मुख्य रिमोट माझ्या गळ्यात होता. बाबांना शेवटचं एकदा स्वतःच्या हाताने विमान उतरवायचं होतं. "मग तुझं तू उडव," ते म्हणाले होते.

आदल्या दिवशी मी रिमोटमधला एक आकडा बदलला होता. त्यांनी रिमोटवरची दांडी जेवढी हलवली, त्याच्या चाळीस टक्केच विमानाने ऐकायचं. थरथर त्यात विरून जाईल, असा माझा हिशोब.

विमान मी वर नेलं आणि बटण दाबलं. पहिली फेरी सुरेख गेली.

"अरे, तुझा हात माझ्यापेक्षा बरा आहे की!" डिंककाका म्हणाले.

"तुझ्यापेक्षा कुणाचाही बरा," बाबा म्हणाले.

टेकण्याच्या क्षणी नाक चांगलं वर खेचावं लागतं. बाबांनी दांडी पार मागे ओढली. नाक उचललंच नाही. प्रोपेलर तुटला.

"चला, मला काम मिळालं," डिंककाका म्हणाले. कुणी हसलं नाही.

नवा प्रोपेलर बसला. बाबांनी मला बटण दाबायला लावलं, दांडी मागे ओढली आणि वाकून शेपटीची पट्टी बघितली. ती जेमतेम हलली.

"किती ठेवलायस?"

"चाळीस."

"कशासाठी?"

माझी नजर त्यांच्या उजव्या हाताकडे गेली.

"अगं, मग ते मी उडवलं कुठे? शंभर कर."

केलं. विमान पुन्हा वर गेलं, वळलं, आमच्या डोक्यावर आलं. पंख थरथरत होते. वारा नव्हता. सेकंदाला साधारण पाच वेळा, बाबांच्या मनगटासारखेच. डिंककाका स्वतःच्या बुटांकडे बघू लागले. बाबा मात्र वरच बघत राहिले, एखाद्या तिऱ्हाइताकडे बघावं तसे.

मग ते उतरवायला वळले. काही झालं तरी बोट उचलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. झाडाएवढ्या उंचीवर डावा पंख कलला. बाबांनी सावरला. पुन्हा कलला.

"घे," बाबा म्हणाले.

"बाबा, उंची आहे अजून. जमेल."

"नाही जमणार, बाळा. घे लवकर."

मी बोट उचललं. पंख एकदम स्थिर झाले. बाबांनी त्यांचा रिमोट गवतावर ठेवला आणि उजवा हात खिशात घातला. मी रेषा धरली, मोटर बंद केली, नाक वर खेचलं.

डिंककाकांनी टेप लावली. चाकं रेषेपासून पस्तीस सेंटिमीटरवर टेकली होती.