निळी गल्ली

"आमची गल्ली निळी? ताई, डोळे तपासून घ्या एकदा!"

काजवाल्या मावशींनी नाक संगणकाच्या पडद्याच्या इतकं जवळ नेलं की काचेवर वाफ धरली. शहराचा तापमानाचा नकाशा लालभडक होता आणि मधोमध त्यांची पत्र्याची वस्ती तेवढी निळीशार. बघणाऱ्याला वाटावं, तिथे तळंच आहे. मावशी त्या वस्तीत शर्टांना काजं-बटणं करत आयुष्यभर घाम गाळत होत्या, त्यामुळे हे तळं त्यांच्या पचनी पडेना.

उपग्रहताईंना हसावं की रडावं ते कळेना. हे नाव त्यांना वस्तीनेच दिलं होतं. साधी माणसं हौसेनं तापमान, पाऊस, धुकं टिपत; ताई त्या नोंदी उपग्रहानं वरून टिपलेल्या चित्रांशेजारी ठेवत आणि दोन्ही का जुळतात, का जुळत नाहीत, ते त्यांना समजेल असं सांगत. कचेरीत या कामाला नसती उठाठेव म्हणत. म्हणणारे स्वतः मात्र एकाही माणसाला काही समजावून सांगू शकत नसत.

"डोळे ठीक आहेत मावशी. पत्रा फसवतो. कोरा चकचकीत पत्रा तापतो भरपूर, पण ताप बाहेर दाखवत नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं, गार आहे."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखा," मावशी म्हणाल्या. "अंग फणफणलेलं असायचं आणि विचारलं की, काही नाही, ठीक आहे."

ते गेल्या उन्हाळ्यात गेले. दुपारी कॉटवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मावशींना ते कधीच पटलं नाही. गल्लीतल्या चार बायकांना ओढत घेऊन त्या ताईंकडे आल्या आणि रोज थर्मामीटर वाचू लागल्या. आता पालिका सगळ्यात तापलेल्या वस्त्यांमध्ये गारव्याची खोली बांधणार होती, दुपारी म्हाताऱ्याकोताऱ्यांना टेकायला. कुठे बांधायची ते हा नकाशा बघून ठरणार होतं.

"मग आमचे आकडे दाखवा की साहेबांना," मावशी म्हणाल्या.

"आकडे फारच मोठे आलेत. थर्मामीटर टांगलाय कुठे?"

"दारासमोर. भर उन्हात."

"उन्हात?"

"मग? तुम्हीच म्हणालात ना, आपल्याला ऊन मोजायचंय. ऊन काय घरात बसून मोजतात?"

ताई तसं म्हणाल्या होत्या खऱ्या. 'हवेचं तापमान' जड वाटेल म्हणून सोपं करायला गेल्या, आणि साऱ्या जणींनी शब्दाला जागून थर्मामीटर उन्हात लटकवले. उन्हातला थर्मामीटर हवेचं काही सांगत नाही, आपण स्वतः किती भाजलो तेवढंच सांगतो.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तो सावलीत हवा होता. हे आकडे चालणार नाहीत."

मावशी हसल्या, पण ते हसणं बरं नव्हतं. "सावलीत टांगायला गल्लीत सावली तर हवी! ती असती तर तुमच्या दारात कशाला आले असते?"

त्या ताडकन उठून निघून गेल्या. ताई नकाशा घेऊन कचेरीतल्या साहेबांकडे गेल्या.

"बायकांचे आकडे बाद, असं तुम्हीच म्हणताय," साहेब म्हणाले. "मग नकाशा राहिला. करा सही."

"त्या वस्तीपुरता नकाशाही बाद."

"अहो मॅडम, मग खरं काय?"

"माहीत नाही. तेच लिहू. निळा पुसून तिथे कोरं ठेवू."

"पालिकेला भोक पडलेला नकाशा देऊ? हसतील लोक."

"हसू देत. मी निळ्यावर सही करणार नाही."

"दुसऱ्या कुणाची घेईन."

"घ्या. त्यांना पत्रा काय करतो ते मी समजावून सांगते. मग पालिकेत जाऊन सांगते. समजावणं हेच तर माझं काम आहे."

साहेब माणूस वाईट नव्हते, त्यांना फक्त कटकट नको होती. त्यांनी कपाळ चोळलं. "एक आठवडा. तोवर धड आकडा आणा, नाहीतर हाच निळा नकाशा पालिकेकडे जाईल."

ताई तशाच वस्तीत पोचल्या. मावशी दारात बसून काजं करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सावली शोधायला आलेय," ताई म्हणाल्या.

दोघी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. नळापाशी नाही, भिंतीकडेला नाही, कुठेच नाही. पत्र्यांची चमक डोळ्यांत घुसत होती.

"सावली एकाच ठिकाणी आहे," मावशी म्हणाल्या. "आत."

"घरातला आकडा बाहेरच्या हवेच्या रकान्यात बसणार नाही. वेगळा रकाना करावा लागेल, त्यासाठी भांडावं लागेल."

"भांडा की. रकान्यात बसत नाही म्हणून माणूस मरायचा थांबतो का?"

"आणि मावशी, सावलीत आकडा कमी येईल. तुम्हाला वाटतो तेवढा नसेलही."

"येऊ दे कमी. कमी आला तर कमी सांगेन. पण माझ्या घरात किती तापतं ते मी सांगणार. वरून कुणी सांगायचं नाही."

दारासमोरचा थर्मामीटर काढून त्या आत गेल्या. पत्र्यापासून लांब आणि अधांतरी लटकेल अशी जागा एकच होती, कॉटच्या वर, मधल्या खांबाची खुंटी. तिथे गेल्या उन्हाळ्यापासून एक सदरा होता. मावशींनी तो काढला, झटकला, सवयीनं वरचं बटण काजात घातलं आणि घडी करून उशीवर ठेवला. मग खुंटीला थर्मामीटर अडकवला.

"इथे चालेल?"

"चालेल."

पारा आधी भराभर उतरला, मग हळूहळू. एका जागी येऊन तो थांबला. बाहेरच्यापेक्षा कमी, पण या खोलीत कुणी दुपारभर झोपावं असा मुळीच नाही.

"हाच ना?" मावशींनी विचारलं.

"हाच."

मावशी कॉटकडे वळल्या आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवला.