पेल्याचा पोचा

आषाढी एकादशीला मी देवाला नवस बोलले होते. आजारी धनी बाजेवरून उठून बसेपर्यंत रोज सकाळी दारी येईल त्याला जर्मनचा, म्हणजे अल्युमिनियमचा, पेला शीग येईपर्यंत भरून ज्वारी द्यायची, मगच आपण तोंडात पाणी घ्यायचं. कार्तिक लागला तरी धनी पडूनच. त्यात सोमवारचा उपास; माझेही पाय आता उंबऱ्यालाच अडखळायचे.

व्रत पुरं होईल त्या दिवशी पेलाही दान द्यायचा होता. पण त्याच्या पोटाला मोठा पोचा. कधी पडला, आठवेना. पोचलेलं भांडं देवाच्या नावानं कसं द्यावं?

किन्हीराजाच्या बाजारात गफ्फारभाऊ कल्हईवाले बसत. त्यांनी पेला फिरवून पाहिला.

"बाई, हे जर्मन हाय. याले ना कल्हई लागत, ना जोडाचा डाग. माह्या हातोडीचा ठोका बसला तं फाटंल. घरीच काढा. चुलीपाशी कोमट करा, रेतीच्या पिशवीवर आडवा ठेवा, अन् आतून लाटन्याच्या टोकानं दाबा. घाई केली तं पेला गेला."

"घाई करायले अंगात जीव लागते, भाऊ."

दुपारी धन्यांचा डोळा लागल्यावर बसले. एका नामाला एक दाब. हात भरून आले तेव्हा पोचा गेला होता.

दुसऱ्या सकाळी ज्वारी ओतली. रोज दोन ओंजळींत शीग यायची. आज येईना. आणखी एक मूठ टाकली, तेव्हा आली.

म्हणजे इतके दिवस देवाला मूठभर कमी? म्हणूनच धनी उठत नव्हते?

"काहून काढला व पोचा?" मागे सासूबाई उभ्या होत्या, हौसाबाई. "मीच मारला होता, वरवंट्यानं. ज्वारीच्या कनगीचं बूड दिसून राह्यलं. वाचल्या मुठीची मी त्याले पेज पाजली. देवाले मूठ कमी चालते, माह्या लेकाले नाही चालत."

रागवायलाही बळ नव्हतं. दारात मागायला आलेल्या बिस्मिल्लाबूने हाक दिली. मी शीग आलेला पेला तसाच तिच्या पदरात ओतला.

"आता पेजेचं काय?" सासूबाई म्हणाल्या.

"ते चुकनार नाही, आत्याबाई. सोमवारचा उपास आता रोज करतो, माह्या भाकरीचे दाने पेजेले."

"अन् तू पडली तं? दोन बाजा टाकू का घरात?"

मी धन्यांची पेज शिजवली, पाजली, तुळशीला पाणी घातलं. दिवस कलताना सासूबाईंनी आपल्या ताटातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली.

"खाय."

"उपास हाय."

"तुह्या वाट्याची नाही, माह्या वाट्याची हाय. मले तशेही दात कुठं राह्यले?"

आतून धनी खोकले. आम्ही दोघींनी तिकडे पाहिलं. मग मी देवाचं नाव घेतलं आणि भाकर मोडली.