मागच्या बाजूनं मोडलेले दात

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या मालवणच्या शाळेत नव्यानं आलेल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्यामुळे मुलांच्या स्पर्धेच्या रोबोचा लागोपाठ तिसरा गिअर मोडला तेव्हा मी चौकशीच केली नाही. संघातल्या संचितानं बसवला होता, म्हणजे तिनंच बिघडवला. सगळ्या वर्गासमोर तिला सुनावलं, ‘‘घिसाडघाई नडली. उद्यापासून संघात येऊ नकोस.’’

आमचा रोबो चेंडू फेकतो. मोटर गिअरमधून फ्लायव्हीलचं जड चाक गरगर फिरवते, चेंडू त्याला घासून सुटतो. सोमवारी जिल्ह्याची स्पर्धा, आणि गिअर उरला होता एकच. दुसऱ्या दिवशी मोडका तुकडा खिशात टाकून मी धक्क्यावर बाबली मेस्त्रींकडे गेलो. त्यांचा जन्म होड्यांची इंजिनं उघडण्यात गेला.

त्यांनी तुकडा उन्हात धरला. ‘‘मास्तरांनू, दात फुडल्या अंगान शाबूत आसत. पाठल्या अंगान मोडलेत. म्हणजे चाक चालताना नाय, थांबताना मोडतत. थांबवतास कसा?’’

‘‘एकदम ब्रेक. वेळ वाचतो.’’

‘‘फिरत्या इंजिनाक एकदम रिव्हर्स घातलास तर गिअरबॉक्स हातात येतलो! आपसूक थांबू दे. चालू करताना पण हळूहळू.’’ मग हसले. ‘‘काल धामापूरचा एक चेडू असोच तुकडो घेवन इल्लां. ह्यांच सांगी होता, ब्रेकान मोडता म्हणान.’’

धामापूरहून येणारी आमच्यात एकटी संचिता. आणि प्रोग्राममधली ब्रेकची ओळ माझी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एसटी स्टँडवर ती धामापूरच्या गाडीत चढत होती. ‘‘संचिता, चूक माझी होती. ये परत.’’

‘‘सर, ओरडलात सगळ्यांसमोर,’’ ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. खरंच होतं ते.

शनिवारी वर्गासमोर उभा राहिलो. पंचवीस वर्षांच्या नोकरीत कधी माफी मागितली नव्हती. तरी सांगितलं सगळं, ती ओळ कोणाची होती तेही.

संचिता शेवटच्या बाकावरून उठली. ब्रेकची ओळ तिनं पुसली, उरलेला गिअर बसवला आणि चाक चालू केलं. चेंडू भिंतीपर्यंत गेला. मग तिनं मोटर बंद केली आणि हात मागे घेतला.

चाक फिरतच राहिलं. थांबायला चांगलं दीड मिनिट लागलं. एरवी मी दहादा ‘आटपा’ म्हणालो असतो. त्या दिवशी चाक थांबेपर्यंत तिच्या शेजारी उभा राहिलो.